चिंचेवरच्या लेकुरवाळ्या

आई, हे वाचायच्या आधी डोक्यावरून पदर घेऊन नीट बस, कारण मी वटवाघळांबद्दल लिहिणार आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर तुझी लेक भजनी मंडळात जाईल अशी तुझी खात्री होती. ती आता दर महिन्याच्या एका रविवारी आपल्या बडोद्यातच, तरसालीतल्या एका सोसायटीत जाते, तिथल्या जुन्या चिंचेखाली उभी राहते आणि वाघळं मोजते. त्यांचे फोटो काढते. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी एक गुजराती मुलगी आमची म्होरकी, आणि वयाने सगळ्यांत थोरली मी, त्यामुळे खाऊचा डबा आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे. तुझ्या पद्धतीचे खारे शंकरपाळे नेते. ते संपेपर्यंत कुणाचं मोजण्यात लक्ष नसतं.

तुला आपलं प्रतापनगरचं रेल्वे क्वार्टर आठवत असेलच. स्वयंपाकघर म्हणजे मागची खोली. उकाड्याचे दिवस आहेत, बाबा दुसऱ्या पाळीला गेले आहेत, दिवेलागण झाली आहे. तू पंख्याखाली बसून परातीत कणीक भिजवते आहेस आणि मी शेजारी बसून शाळेतलं काहीतरी सांगत तुझं डोकं खाते आहे. तेवढ्यात झरोक्यातून एक लहानसं वाघूळ आत येतं आणि भिंतीभिंतीने गरागरा फिरायला लागतं. वाघूळ केसांत बसलं की केस कापल्याशिवाय सुटत नाही, असं तुला लहानपणी कुणीतरी सांगून ठेवलेलं. तू किंचाळतेस, परात आहे तशी उचलतेस आणि डोक्यावर पालथी घालतेस. मला बखोटीला धरून तिच्याखाली ओढतेस, आणि त्याच दमात ओरडतेस, “अगं, आधी तो पंखा बंद कर! कापलं जाईल ना ते!” मी धावत जाऊन बटण बंद करते आणि परत परातीखाली शिरते. मागचं दार उघडंच होतं. दोन-चार फेऱ्या मारून ते आपल्या वाटेने निघून गेलं. वाघूळ काही तुझ्या केसांत बसलं नाही. कणीक मात्र बसली, ती सुद्धा अशी, की न्हायल्याशिवाय निघेना. मला हसू आवरेना तेव्हा तू पाठीत धपाटा घालून म्हणालीस, “तोंड मीट आता!” बाबांनी घरी आल्यावर विचारलं, आज अवेळी न्हालीस कशी, तर तू म्हणालीस, उकडत होतं.

गंमत बघ, आमच्या कामाचा पहिला नियमही हाच आहे. वर बघताना तोंड मिटून ठेवायचं. का ते तुला सांगायला नको. मी बोलत राहिले आणि पहिल्याच दिवशी त्याची फळं भोगली. तेव्हापासून भर हिवाळ्यात, लख्ख उन्हात, आम्ही छत्र्या उघडून चिंचेखाली उभे असतो. सोसायटीतली माणसं गॅलरीतून बघून हसतात. हसू देत. तू जन्मभर मला खाली बघून चालायला सांगितलंस, आणि मी साठीत वर बघायला शिकले.

आणि काय दिसतं म्हणून सांगू! ही आपल्या घरात आलं होतं तसलं चिमुकलं वाघूळ नव्हे. मोठी, तांबूस मानेची, फळं खाणारी. गुजरातीत ‘वागोळ’ म्हणतात. दिवसा ती झोपून असतात असं आपण समजत होतो ना? कुठलं! पंखांनी वारा घेतात, अंग खाजवतात, जागेवरून शेजारणीशी कचाकचा भांडतात आणि भांडून झालं की तिलाच चिकटून लटकतात. थेट आपल्या क्वार्टरच्या नळावरच्या बायका. दिवस मावळला की एक सुटते, मग दोघी-तिघी, मग सगळं झाडच सुटल्यासारखं होतं. पंखांतून उजेड आरपार येतो, त्यात बोटांची हाडं दिसतात. मला तेव्हा इतका आनंद होतो की मोजायचं राहून जातं, आणि म्होरकी कोपराने ढोसते, “मासी, गणो!”

तर या वर्षी त्या चिंचेवरच गदा आली. संक्रांतीचं उत्तरायण आटोपलं की फांद्या उतरवायच्या असं सोसायटीच्या कमिटीने ठरवलं. चेअरमन म्हणजे एक करारी काका. त्यांचं घर झाडाच्या अगदी समोर आणि नवी पांढरी गाडी झाडाच्या खाली. “बेन, गाडी रोज धोवी पडे छे. ने कोईने रोग थयो तो कोण जवाबदार?” आमच्या म्होरकीने शांतपणे समजावलं की त्यांना हात लावू नका, त्यांनी कुरतडलेलं फळ उचलून खाऊ नका, गाडी पलीकडे लावा, एवढं पुरे आहे. ती आणखी म्हणाली की आता त्यांचे विण्याचे दिवस आले. पिलं आईच्या अंगाला बिलगून असतात, फांदी पडली तर ती खाली येऊन मरतील. काका म्हणाले, “बच्चां होय तो बतावो. चोमासा सुधी हाथ नहीं लगाडीए.” पिलं दाखवा, पावसाळ्यापर्यंत झाड तुमचं. लांबचं टिपणारी लेन्स गटात माझ्याकडेच, माझ्या लेकीने निवृत्तीला दिलेली. म्हणजे सगळी चिंच माझ्या गळ्यात पडली.

मी आठवडाभर रोज सकाळी जाऊन मान मोडून घेतली. आणि शनिवारी सापडलं! एक मादी पंख मिटून लटकलेली, छातीशी काळंभोर गाठोडं, त्याला टोकदार कान सुद्धा. मी छत्री टाकून टाळ्या वाजवल्या. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले, मोठ्या टीव्हीवर फोटो लावला, आणि मी मिरवत म्हटलं, आणखी मोठा करा. मोठा केला. कानाच्या शेजारी बांबूची काडी दिसली. काडीला मांजा दिसला. मागून एकजण म्हणाला, “बेन, आ तो पतंग छे!” पतंग कापल्यावर ओरडतात तसं कुणीतरी “लपेट, लपेट!” ओरडलं आणि हॉलभर हशा उसळला. आई, बडोद्यात जन्म गेला माझा, आणि उत्तरायणानंतर झाडात काय अडकलेलं असतं हे मला कळू नये! म्होरकीचा चेहरा मात्र एवढासा झाला. काका उठून उभे राहिले. फांद्या तोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

मलाही रडू आलं असतं, पण मला रडण्याआधी बोलायची सवय. समोर काकांची बायको, म्हणजे काकी, बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पायांखाली पाट घेऊन त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. तिच्याकडे बघता बघता मी गुजरातीत बोलून गेले, की माझी आई म्हणायची, दारातल्या झाडावर वाघळं विणार असली की त्या फांदीला हात लावू नये. ती माहेरपणाला आलेली असतात. बाळंतिणीला उठवून लावणाऱ्या घरात पाळणा शांत हलत नाही.

काकींनी आधी लेकीकडे बघितलं, मग काकांकडे. “छोकरी सुवावड माटे पियर आवी छे, ने तमने डाळीओ कापवानुं सूझे छे?” लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तुम्हाला फांद्या तोडायचं सुचतं! काका काहीतरी पुटपुटले. “गाडी पेली बाजु मूको,” काकी म्हणाल्या, आणि सभा संपली. दुसऱ्या दिवशी गाडी खरोखर पलीकडे गेली होती.

होळीच्या सुमाराला मला खरा फोटो मिळाला. सकाळचं कोवळं ऊन होतं. एका मादीने वारा घ्यायला पंख उलगडला, आणि आत पोटाशी घट्ट धरलेलं पिलू होतं, उघड्या डोळ्यांचं, जगाकडे उलटं बघणारं. या खेपेला मी काडी शोधली, मांजा शोधला, म्होरकीला दोनदा बघायला लावलं. ती कॅमेऱ्यात बघत राहिली आणि मग तिने मला मिठीच मारली. आम्ही दोघी त्या झाडाखाली छत्रीशिवाय नाचलो, आणि त्याचं फळ दोघींना मिळालं.

काकींची लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. खंडेराव मार्केटातून चिकू घेऊन मी भेटायला गेले तर काकींनी माझ्या हातात पेढ्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, “तमारी बानी वात साची पडी.” तुमच्या आईचं बोलणं खरं ठरलं. मी काढलेला पिलाचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये पाळण्याच्या वरच लावलेला आहे. तुझं वाक्य आता सगळ्या सोसायटीला पाठ आहे. दुसऱ्या एका सोसायटीतून चिंचेबद्दल फोन आला, तिथेही ते आधीच पोचलं होतं. म्होरकी म्हणते, झाडाखाली पाटी लावू या, बाचं वाक्य आणि खाली ‘एक मराठी आई’. काल तिने मजकूर तपासायला माझ्याकडे दिला. ती पाटी समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. पहिल्या ओळीलाच तू ते झुरळासारखं झटकलं असतंस. कॅमेऱ्याच्या पिशवीत राहील. पण तुझ्या नावावर पाटी लागते आहे, तेव्हा निदान तुला तरी खरं सांगायला हवं. आई, तू असलं काही कधीच म्हणाली नव्हतीस. ते मी तिथल्या तिथे रचलं आणि तुझ्या तोंडी घातलं. पण डोक्यावर परात घेऊन, लटलट कापत, तू आधी मला पंखा बंद करायला पाठवलं होतंस. तेवढ्याच आधारावर मी बोलले.