मोठ्या टोपीचा जाळ

प्रिय वर्लिनदादा,

मोंटानात थंडी पडली, पण मी बरी आहे. आईचा खोकला थांबला का?

काल शेजारचा हॉलिस आमच्या टेबलावर रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत होता. बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या साध्या प्रायमर-टोप्या संपल्यावर त्याने जास्त जोराच्या मॅग्नम टोप्या वापरल्या.

"माप एकच, वहिनी. बसतात की!"

"माप एक, पण जाळ मोठा. आतली दारू तेवढीच ठेवलीस तर दाब वाढून रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. हात गमवायचाय?"

"आता पुस्तकं वाचून मला शिकवा!"

मी माझ्या ऑर्विनचं काडतुसं भरायचं पुस्तक उघडलं. समासात त्याच्या पेन्सिलीने लिहिलंय, 'शंका आली तर सगळी काडतुसं उकलून टाक.' साध्या आणि मॅग्नम टोप्यांची काडतुसं मिसळली होती, म्हणून आम्ही पन्नासच्या पन्नास उकलली.

दादा, ऑर्विनला जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या नवऱ्याचे उपकार चालूच आहेत. हॉलिस आत्ता त्याच हातांनी माझी लाकडं फोडतोय.

तुझी धाकटी,
नेडा