गॅससाठी जागा सोडलेली बाटली

शहादा

तीर्थस्वरूप नवनीतभाऊस,

"पानी पेवानं ऱ्हास, त्याले सवाल इचारानं नही." मी नववीत असताना विहिरीच्या पाण्यात शाळेचा लिटमस कागद बुडवत होते, तेव्हा तू हे म्हणाला होतास. नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांचं तू ऐकत नाहीस म्हणे (आपल्या घराण्यात ऐकणारं कोणी जन्मलंच नाही, त्यात मीही आले).

परवा म्हसावदला येऊन तुझ्याकडचा चहाही न घेता परतले, याचा राग असेल. आधी ऐक. आमच्या कॉलेजात एक यंत्र आलंय. खडकातला रेडॉन नावाचा वायू बोरच्या पाण्यात उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण फार असेल तर वर्षानुवर्षांनी बाधतो. तो किती आहे, हे यंत्र सांगतं. अट एवढीच, की पाणी चालू मोटरचं ताजं हवं आणि बाटलीत बुडबुडासुद्धा नको, कारण हवा लागली की वायू उडून जातो. बाटल्या मी गल्लीत आधीच वाटल्या होत्या. तुझ्या शेजारच्या धनुमावशीने घरातलं सगळ्यात चांगलं पाणी काढून ठेवलं: रात्रभर माठात निवलेलं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, वर तुळशीचं पान. तेही अर्धीच बाटली. का, तर "गॅसले ऱ्हावाले जागा नको का बाई? सिलिंडर बी काठोकाठ भरतस नही!" हा सल्ला तिने घरोघर दिला होता (ज्यांच्या बाटल्या भरलेल्या होत्या, त्यांनी ओतून अर्ध्या केल्या). यंत्राने सगळीकडे जवळपास शून्य दाखवलं. आमचे विभागप्रमुख खूश, अहवाल देऊन टाका म्हणाले. मी सही केली नाही. माठाचं पाणी चांगलं आहे, बोरचं मला ठाऊक नाही, असं तोंडावर सांगितलं.

आणि परवाच तुझ्याकडे यावं, तर बोरच्या मोटरच्या स्टार्टरपेटीला कुलूप, ओट्यावर तू. "मन्हा बोरले नाव ठेवशी ते घरमा येवानं नही!" निम्मी गल्ली तुझ्या बोरचं पाणी पिते, तुझा मान त्यावर उभा आहे, हे मला कळतं. पण वायू जास्त निघालाच तर बोर बुजवायचं नाही; टाकीत पाणी उंचावरून फवाऱ्याने पाडायचं, टाकी हवेशीर ठेवायची, झालं. मोजल्याशिवाय मात्र मी गप्प बसणार नाही. घरात घेतलं नाहीस तर ओट्यावर बसेन. ओटा बाबांचा आहे (म्हणजे अर्धा माझाही).

वहिनीला नमस्कार, तुझ्या भाग्येशच्या लेकीला पापा.

तुझी हट्टी बहीण,
ममता

ता. क. वहिनी पेटीची दुसरी चावी द्यायला तयार आहे. तू शेतात गेलास की काम होईल. पण मला चोरून घेतलेलं पाणी नको.

आणखी एक ता. क. कॉलेज, अहवाल, सगळं खरं; पण परवा तुझी नात बोरच्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पिताना दिसली, आणि तुझ्याकडचा चहा माझ्या घशाखाली उतरला नसता. रविवारी येते. कुलूप तूच उघड, मोटर तूच चालू कर, बाटली तुझ्याच हाताने भरून दे. नाहीच म्हणशील. तरी मागते.