बिलबाईची एक्केचाळीस पाने वाचू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
पाणीपुरवठा विभाग, बिल शाखा,
जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : माझ्या दिवंगत पत्नीने आपल्या शाखेतील जुन्या संगणकावर लिहिलेली फाईल त्याच संगणकावर उघडून छापून घेऊ देणे, व तोपर्यंत तो संगणक भंगारात न देणे.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. २ एप्रिल, २१ एप्रिल व ९ मे.
२) आपले पत्र दि. ३० मे, मला मिळाले ४ जूनला.

महोदय,

पत्नी ४ मार्चला वारली. पण नेमके काय गेले ते मला २५ मार्चला, मंगळवारी सकाळी कळले. त्या दिवशी मी बटणांच्या डब्यातून तिचा पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या संगणकाला लावला. आत एकच फाईल होती. नाव ‘घर’, पाने ४१, साठवल्याची संख्या १६३. फाईल उघडली आणि एक्केचाळीस पाने चौकोनांनी भरलेली दिसली, मधूनमधून एखादा आकडा.

१. आपण या जागेवर जानेवारीत आलात, म्हणून आधी ओळख देतो. माझी पत्नी आपल्या शाखेत अठ्ठावीस वर्षे कारकून होती. तिला सगळे बिलबाई म्हणत. खिडकीजवळचे टेबल तिचे. आता त्यावर आपण थंड पाण्याचा जार ठेवला आहे, हे मी ९ मे रोजी पाहिले. मी लिफ्ट दुरुस्त करणारा, आता निवृत्त. संगणक मी स्वतःच शिकलो.

२. आपल्या शाखेची बिले ज्या जुन्या प्रोग्रामवर निघत, त्याला डोंगल लागते. डोंगल म्हणजे संगणकाच्या पाठीमागे खोचायचे बोटभर कुलूप. ते लावलेले असेल तरच प्रोग्राम चालतो. लिहिलेली अक्षरे तो त्या कुलपातल्या तक्त्याप्रमाणे उलटीपालटी करून साठवतो आणि तक्ता दर पानाला बदलतो. आकडे मात्र तसेच ठेवतो, कारण बेरजा दुसऱ्या प्रोग्रामला लागत. असले काम ज्याने केले त्याच्याबद्दल माझे मत मी तिसऱ्या अर्जात लिहिले होते. ते आपण आक्षेपार्ह ठरवलेत, म्हणून येथे लिहीत नाही. मत तेच आहे.

३. पत्नीला घरी काम करता यावे म्हणून विभागाने तिला एक डोंगल दिले होते, क्रमांक ३३१८. आमच्या घरच्या जुन्या संगणकावर ती अकरा वर्षे त्यावर काम करत होती. त्या संगणकात मी हात घालायचा नाही, असे आमच्यात ठरलेले होते. “अहो, तुमच्या बाजूला काय हवी ती मोडतोड करा, माझ्या कोपऱ्यात येऊ नका,” असे तिचे शब्द होते.

४. मी तिच्या कोपऱ्यात गेलो. गेल्या वर्षी जुलैत ती आठ दिवस बहिणीकडे गेली होती, तेव्हा तिचा संगणक पुसून त्यावर मी मोफत, खुली प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवली. खुली म्हणजे जिच्यात कोणाचे कुलूप नाही अशी. मला वाटले, तिला आनंद होईल. जुना प्रोग्राम नव्या प्रणालीच्या पोटात चालवता येतो, असे मी नऊ वर्षे लोकांना सांगत होतो. तो चालला नाही. मग दुसरी प्रणाली आणली, तिला डोंगल दिसले, पण कीबोर्ड मेला. तिसरीत दोन्ही चालले, मात्र प्रिंटर प्रत्येक पानामागे एक कोरे पान सोडू लागला. चौथी सुरूच झाली नाही. पडद्यावर आपले चिन्ह दाखवून तीन तास माझे अभिनंदन करत बसली. जिच्यावर सर्वांत जास्त विश्वास होता ती पाचवी. तिने जुन्या संगणकाच्या राखीव प्रतीही खाल्ल्या. त्या प्रती मी तिच्याच नव्या पद्धतीने साठवल्या होत्या, आणि ती पद्धत बनवणाऱ्या गृहस्थाने मधल्या काळात तिचा नाद सोडला होता. निरोप म्हणून त्याने एक ओळ लिहिली होती, की आता त्याला बागकामात रस आहे.

पत्नी परत आली. बॅग खाली न ठेवता तिने पडदा पाहिला आणि म्हणाली, “झालं समाधान?” त्यापुढे या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही.

५. यानंतर मी जे केले ते अर्जात लिहिणे भाग आहे, कारण त्याची पावती सोबत जोडली आहे. डोंगल घरात निरुपयोगी झाले, तेव्हा ते मी स्वतः आपल्या भांडारात परत करून आलो. भांडारपाल म्हणाले, “काका, राहू द्या की, बाई मागतील.” मी त्यांना बंदिस्त प्रोग्राम आणि माणसाचे स्वातंत्र्य यावर पंधरा मिनिटे ऐकवले. त्यांनी पावती फाडली.

६. सप्टेंबरात पत्नीचा आजार कळला. ती रजेवर गेली, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी कार्यालयात जात असे. मी चिडत असे. उरलेल्या फाइली निपटवते, असे ती सांगे. आता फाइलीच्या माथ्यावरचा क्रमांक पाहून कळते की तिने ३३१८ भांडारातून पुन्हा काढून घेतले होते आणि आपल्या शाखेतल्या जुन्या संगणकाला लावून ती हे ‘घर’ लिहीत होती. घरात तिला लिहायला जागा नव्हती. ती मी पुसली होती. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, “सगळं लिहून ठेवलंय. बटणांच्या डब्यात आहे. सावकाश वाचा, एकदम सगळं करायला जाऊ नका.”

७. आकडे दिसतात, हे वर लिहिले आहे. पान १ वर ७.३०, २ आणि १/२ आहेत. साडेसातला काहीतरी दोन किंवा अर्धे घ्यायचे, घालायचे किंवा बंद करायचे आहे. पान ६ वर ४० आहे. पान १९ वर एक फोन नंबर आहे. तो मी लावला. पलीकडे नळ दुरुस्त करणारा होता. त्याने माझा आवाज ऐकून विचारले, “बिलबाईंचे मिस्टर का? बाईंनी सांगून ठेवलंय, तुम्ही फोन कराल म्हणून. काय गळतंय?” मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, “गळायला लागलं तर आधी मुख्य वॉल्व्ह बंद करा. कुठे आहे ते चौदा नंबरच्या पानावर लिहिलंय, असं म्हणाल्या होत्या. मग मला बोलवा.” त्याला मी सांगितले नाही की मला चौदा नंबरचे पान वाचता येत नाही.

८. मी बाहेर मदत मागितली नाही असे नाही. खुल्या प्रणालीच्या ज्या इंटरनेट मंचावर मी नऊ वर्षे लिहितो, तिथे विचारले. एकाने उत्तर दिले, “बंदिस्त प्रोग्राम वापरलात, आता भोगा.” दुसऱ्याने विचारले की फाईल इतकी महत्त्वाची होती, तर ती खुल्या स्वरूपात का ठेवली नाही. तिसऱ्याने मला प्रणाली बदलून पाहण्यास सांगितले. मी त्या तिघांची जुनी पत्रे काढून पाहिली. तिसऱ्याला ही बोलण्याची पद्धत त्याच्या पहिल्या आठवड्यात मीच शिकवली होती. त्या दिवशी मी मंचावरचे खाते बंद केले. ते बंद करायलाही एक प्रश्नावली भरावी लागली.

९. आता आपल्या कार्यालयाकडे येतो.

पहिला अर्ज मी २ एप्रिलला ई-मेलने पाठवला. तो खुल्या स्वरूपातील फाइलीत होता. आपल्याकडून उत्तर आले की फाईल उघडत नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. ही अडचण मला समजते. माझ्याहून जास्त ती कोणाला समजत असेल असे वाटत नाही.

दुसरा अर्ज पोर्टलवरून करण्यास सांगण्यात आले. माझी प्रणाली पाहून पोर्टलने दार लावून घेतले. शेजारच्या शिंपीणबाईंच्या संगणकावरून पुन्हा प्रयत्न केला. तेथे ‘साहित्य वापरण्याची परवानगी’ हा रकाना फक्त कर्मचाऱ्यासाठी आहे. कर्मचारी क्रमांक टाकल्यावर कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी जातो, आणि तो विभागाच्या ॲपमध्येच दिसतो. पत्नीचा मोबाईल माझ्याकडे आहे. त्यावरही मीच दुसरी प्रणाली बसवली होती. त्यावर आपले ॲप उघडत नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही काही म्हणून जसंच्या तसं ठेवलंय का हो घरात?”

तिसरा अर्ज ९ मे रोजी मी स्वतः घेऊन आलो. आपल्या टेबलावरून मला संगणक कक्षात, तेथून भांडारात आणि भांडारातून पुन्हा आपल्या टेबलावर पाठवण्यात आले. संगणक कक्षातील तंत्रज्ञ म्हणाले, “काका, आता कोण वापरतं हो ते? म्युझियमला द्या.” भांडारपालांनी सांगितले की ३३१८ सापडत नाही, आणि सापडले तरी ज्याच्या नावावर दिले होते त्यानेच समक्ष येऊन मागणी करावी लागेल. मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, मग अधिकारपत्र आणा, बाईंच्या सहीचे.

मी चाळीस वर्षे लिफ्टचे काम केले. माणूस आत अडकला असेल तर आम्ही यंत्राला हात लावण्याआधी दाराशी जाऊन त्याला सांगतो, की आम्ही आलो आहोत. आपल्या कार्यालयात ही पद्धत नाही. माझ्या घरातही ती नव्हती, हे मला मान्य आहे.

१०. आपल्या ३० मेच्या पत्रात लिहिले आहे की ‘सदर जुना संगणक मागील वर्षापासून पूर्णतः बंद अवस्थेत असून डोंगल क्र. ३३१८ उपलब्ध नाही. सदर साहित्य निर्लेखित करण्यात आले असून दि. २४ जून रोजी भंगार ठेकेदाराच्या ताब्यात देण्यात येईल. सबब आपली मागणी अमान्य करण्यात येत आहे.’

हे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी तळाकडे पाहिले. त्या जुन्या प्रोग्रामची एक खोड आहे. तो छापलेल्या प्रत्येक पानाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख आणि डोंगलचा क्रमांक छापतो. ते छापणे बंद करता येत नाही. पत्नी त्याला नाक मुरडत असे. आपल्या पत्राच्या डाव्या कोपऱ्यात छापले आहे : ३०-०५, ३३१८.

म्हणजे जो संगणक बंद आहे असे आपण मला कळवलेत, ते आपण त्याच संगणकावर कळवलेत. जे डोंगल सापडत नाही, ते हे कळवताना त्याच संगणकाच्या पाठीत खोचलेले होते. आपल्या शाखेतील कोणीतरी, नवा प्रोग्राम जमत नाही म्हणून, अजून गुपचूप पत्नीच्याच यंत्रावर पत्रे काढते. त्या व्यक्तीबद्दल माझी तक्रार नाही. तिला शिक्षा करू नये. तिने फक्त अर्धा तास बाजूला बसावे. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, कारण सही आपली आहे.

पत्नीच्या फाइलीच्या माथ्यावर ३३१८ आहे, भांडाराच्या पावतीवर ३३१८ आहे आणि आपल्या नकारावर ३३१८ आहे. तिन्ही कागद सोबत जोडले आहेत. एकाखाली एक ठेवून पाहावेत.

११. सबब मागणी अशी. २४ जूनपूर्वी, कामकाजाच्या कोणत्याही दिवशी, मला त्या संगणकासमोर अर्धा तास बसू द्यावे. मी त्यात काहीही नवे बसवणार नाही, काहीही सुधारणार नाही आणि कोणाला काही समजावून सांगणार नाही. हे मी लेखी देतो. पाहिजे तर तंत्रज्ञांनी माझ्या मागे उभे राहावे. फाईल उघडायची, एक्केचाळीस पाने छापायची आणि निघायचे. कागद मी आणीन.

परवानगी न मिळाल्यास २४ जूनला सकाळी मी भंगार ठेकेदाराच्या टेम्पोजवळ उभा असेन. ही धमकी समजायची असल्यास आपली हरकत नोंदवावी.

१२. एक गोष्ट अर्जाच्या विषयात बसत नाही, पण विभाग पाणीपुरवठ्याचा आहे म्हणून लिहितो. २ जूनपासून आमच्या स्वयंपाकघरातील नळ गळत आहे. खाली बादली ठेवली आहे, ती दिवसातून चारदा भरते. मुख्य वॉल्व्ह मी तासाभरात शोधू शकतो. माझे सारे आयुष्य तसल्याच कामात गेले. तो मी शोधलेला नाही. तो कुठे आहे हे तिने मला सांगितले आहे, आणि मला तिच्याकडूनच कळून घ्यायचे आहे.

नम्रता पहिल्या तीन अर्जांत खर्ची पडली, सबब केवळ,

आपला अर्जदार,
(सही)
बिलबाईचा नवरा
दि. १० जून

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत. ही चौथी. आधीच्या तीन आपल्याकडे असाव्यात.
२) ‘घर’ या फाइलीच्या पहिल्या पानाची छापील प्रत : चौकोन, ७.३०, २, १/२.
३) डोंगल क्र. ३३१८ परत केल्याची भांडाराची पावती.
४) आपल्या ३० मेच्या पत्राची प्रत, डावा कोपरा लाल पेनाने अधोरेखित.
५) पेन ड्राइव्ह जोडलेला नाही. तो माझ्या खिशात असतो.

नळ अजून गळतो आहे. पान १४ वाचायचे राहिले आहे.