पाळीवरची फौज

कुरखेडा,
१८ मे २०२५

सम्राट प्रफुलदादा यांस,
प्रजेचा साष्टांग नमस्कार. इकडे ऊन मरणाचं आहे, आंबे यंदा कमी. आई बरी आहे. तिच्याबद्दल नंतर लिहिते.

परवा फोनवर तुझ्यामागे रणवाद्यं वाजत होती. म्हणजे नागपुरातही तुझा तो कॉम्प्युटरवर साम्राज्य चालवायचा खेळ सुरूच आहे. "शहराची वस्ती वाढली, असंतोष वाढून राह्यला, फौज बसवा लागते," हे मोठ्या ऐटीत सांगितलंस. आपल्या तलावाचं काय झालं, ते मात्र विचारलं नाहीस.

मासेमार सोसायटीने शिकलेला म्हणून तुला सचिव केलं. तू तलावात माशांचं दुप्पट बीज सोडलंस. वस्ती वाढली की उत्पन्न वाढतं, हे ज्ञान खेळातलंच. मासे तळहाताएवढेच राहिले. एवढ्या माशांना खायला पुरणार कुठून? लोक कुरकुरले, तर चोरी होते म्हणालास आणि तलावाच्या बांधावर, आपल्या पाळीवर, बाहेरगावचे काठीवाले बसवलेस. काठालगतचे झिंगे बायांनी धरायचे, त्यांना कोणी अडवायचं नाही, ही पिढ्यांची रीत. तीही बंद केलीस. सोसायटीतले देवरावभाऊ तेव्हाच म्हणाले, "बाप्पा, या पोट्ट्याले तलाव गेम वाटून राह्यला का?"

गाव सोसायटीवर चालून आलं, तेव्हा सम्राट वडशाहून गाडी पकडून पसार! खेळात शहर पेटलं की तू आधी सेव्ह केलेला जुना डाव उघडतोस म्हणे. भारी सोय आहे.

आता आईचं. पहारा बसवलास त्या पहिल्याच संध्याकाळी तुझ्या काठीवाल्याने एका बाईचं हातजाळं हिसकून फाडलं. तू त्याला शाबासकी दिलीस; बाई कोण, ते विचारलं नाहीस. ती आई होती. "प्रफुलले सांगू नोको, त्याले वाईट वाटन," म्हणून तिने माझं तोंड बंद केलं.

काठीवाल्यांना आम्ही हाकललं. बाया पुन्हा झिंगे धरतात. आई मात्र पाळीवर नुसती बसून राहते. "माह्याच पोरानं सगळ्यायले अडवलं. कोणत्या तोंडानं उतरू?" म्हणते.

तुझी कीव येत नाही, चीड येते. तुझ्या जागी आता सचिव मी आहे, तेव्हा हा हुकूम समज. घरी ये. येताना सूत आण. जाळं विणायला आईनेच तुला शिकवलं होतं. पाळीवर, सगळ्या बायांसमोर बसून विण आणि तिच्या हातात दे.

ती पाण्यात उतरेपर्यंत पुन्हा तुला दादा म्हणणार नाही.

सोसायटीची सचिव,
आचल