बिनशर्त पाठिंबा

१२ जाने., सोमवार
मोठ्या पक्षाचे तालुकाध्यक्ष आज पुन्हा शेजारी आले. शेजारी म्हणजे माझी धाकटी जाऊ, कुंदा. भिंत एक, दारं दोन, वॉर्डही दोन. दोघी अपक्ष उभ्या राहिलो, दोघी निवडून आलो. नगरपरिषदेत त्यांचे अकरा, समोरच्यांचे दहा. बहुमताला त्यांना एकच जण हवी, आणि हवी ती कुंदा. मला फाटकाबाहेरून नमस्कार. मी पोस्टात जन्म काढला, नियम वाचता येतात, कॉन्व्हेंटचं इंग्रजी येतं. प्रचारात चार वाक्यं बोलायला हिला मीच शिकवलं. मूर्ख मी.

१३ जाने.
कुंदा, भिंतीवरून: "ताई, ते मले उपाध्यक्ष करतो म्हणून राह्यले जी. काय करू?"
म्हटलं, तुझं तू बघ.
"रागावल्या काऊन?"
रागावले नाही. पोळी करपली, एवढंच.

१५ जाने.
तिला सहलीला नेलं. निवडीपर्यंत आपली माणसं दुसऱ्याने फोडू नयेत म्हणून दूर नेऊन ठेवायची, ही आपल्याकडची रीत. पचमढीहून फोटो आला. गॉगल! रोहण्यासारख्या खेड्यातल्या पोरीला गॉगल! मला पळवून न्यावं असं एकालाही वाटू नये? दिवसभर दार उघडं ठेवलं. आला कोण, तर कुकरची शिट्टी बदलणारा.

१६ जाने., शुक्र.
स्वतः गेले. तालुकाध्यक्षांच्या टेबलावर पत्र ठेवलं. 'बिनशर्त पाठिंबा.' घासाघीस करणारी मी नव्हे. त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, तुम्ही तं आमचं काम लयच सोपं केलं." सोमवारी कलेक्टर ऑफिसात गटनोंदणी, तेव्हा पत्र जोडणार.
बरं वाटलं. उतरव म्हणावं आता गॉगल.

१७ जाने.
कुंदा परत. एस.टी.ने. पायात चप्पल, हातात पिशवी, गाल उन्हाने रापलेले. थेट माझ्या स्वयंपाकघरात.
"काल सांजच्याले म्हणाले, बाई, आता तुमची गरज नाई. दिलं बसवून गाडीत."
विचारलं, पण उपाध्यक्षपद देत होते ना?
"देत होते. म्याच म्हटलं, मले नको. मले त्यातलं काय समजते? ताईले करा, तं सही करतो. दोन दिवस अडून बसली होती. काल दुपारी हो म्हणतच होते, अन् मंग एक फोन आला."
भाजी ढवळत राहिले. पाठ तिच्याकडे.
"त्या दहातला कोणी फुटला असंल. नाई का ताई?"
आम्ही दोघीच अपक्ष. तरी हिच्या मनात माझं नाव येत नाही. म्हणजे हिला मी कोण वाटते?
'हूं' म्हणाले. सरळ खोटं नाही. पण सिस्टरांनी शाळेत याला खोटंच म्हटलं असतं.

१८ जाने., रवि.
समोरच्यांचा निरोप. कुंदाच घेऊन आली, धावत. एकही फुटलेला नाही, दहाचे दहा घट्ट. आम्ही दोघी गेलो तर बारा, आणि उपाध्यक्ष मी. त्यांनाही मान्य.
"दहाही जागच्या जागी हायेत म्हणते. मंग फोन कोनाचा होता ताई?"
खुर्ची ओढून बसली. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि माझ्याकडे बघत राहिली.
पत्र परत मागायला तालुकाध्यक्षांच्या घरी जायचं, तर उद्या सकाळी दहाच्या आत. देतील की नाही, कोण जाणे.
म्हटलं, कुंदा, चहा घे आधी.
"घेतो. तुमी सांगा."