दोन घंटा आणि एक वाक्य

३० सप्टेंबर १८६८

अलॉइस सापडला. खालच्या आळीत, पुलाच्या तुळईखाली, गाळात. माझी बहीण फेरेना रडली नाही. नवरा गेला, घर गेलं, म्हणून आता ती आमच्याकडेच आहे. चुलीजवळ बसून बटाटे सोलते. माझी नजर वर होत नाही.

२ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहितो.

पूर आला त्या दुपारी मी आशीर्वादाची घंटा वाजवत होतो. ती वाजू लागली की आमच्या गावात माणसं दारं लावून गुडघे टेकतात – वादळ टळावं म्हणून. तीनशे ठोके पुरे होईपर्यंत दोर सोडायचा नाही. वडिलांनी हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

अलॉइस धापा टाकत आला. नदीने बांध फोडलाय, ही बंद कर, धोक्याची वाजव, म्हणाला. माझे साठ ठोके उरले होते.

"एवढे होऊ दे," मी म्हणालो.

तो एकटाच खाली पळाला. लोक आत प्रार्थना करत राहिले. पाच माणसं गेली. पंच गिस्लरची आईसुद्धा.

साठ ठोके!

९ ऑक्टोबर

गाड्या आल्या. पीठ, वाटाणे, कांबळी – झुरिकहून, बर्नहून. एकवीस वर्षांपूर्वी याच लोकांवर आम्ही बंदुका रोखल्या होत्या. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. शेजारचा टोनी पीठ हुंगून म्हणाला, पाखंड्यांचं पीठ फुगतं का ते बघू. त्याची बायको म्हणाली, "नाही फुगलं तर तुम्ही उपास धरा. तेवढंच पुण्य."

गाडीवानाकडे वर्तमानपत्र होतं. वरच मोठ्या अक्षरांत – एक सर्वांसाठी, सर्व एकासाठी. फादर अँटोन म्हणाले, वाक्य जुनंच आहे, पण या पुरात मदत गोळा करताना ते देशभर तोंडोतोंडी झालं. चर्चच्या भिंतीवर लिहू या म्हणाले. लोक कुरकुरले – झुरिकचं वाक्य आमच्या भिंतीवर कशाला? मग फादरनी ते लॅटिनमध्ये केलं. ऊनुस प्रो ओम्निबुस, ओम्नेस प्रो ऊनो. लॅटिन म्हटल्यावर सगळे गप्प. ती तर आपल्याच प्रार्थनेची भाषा!

रंगवायचं काम माझ्याकडे आलं.

१४ ऑक्टोबर

बर्नचा बातमीदार आला होता. गिस्लरने खांद्याला धरून मला पुढे केलं. पाणी पायरीला लागलं तरी ह्याने दोर सोडला नाही, म्हणाला. बातमीदार खूश – हाच तो 'सर्वांसाठी एक'! मी मान खाली घातली. त्याने लिहून घेतलं, माणूस नम्र आहे.

बोलायला हवं होतं. पण गोष्ट छापली की आणखी गाड्या येतील म्हणतात. खालच्या आळीला छप्पर नाही. डोंगरावर बर्फ दिसू लागलं.

१५ ऑक्टोबर

'ऊनुस' – 'एक' – एवढंच रंगवलं. कुंचला धुऊन ठेवला.

२२ ऑक्टोबर

छापून आलं. माझ्या नावासकट. फेरेनाने पान वाचलं, घडी घातली, माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी ताट बाजूला सारलं.

देवाला माहीतच आहे. माणसांना सांगायचं राहिलंय. रविवारी सांगणार. मग गाड्या थांबोत, लोक दगड मारोत.

२५ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना संपली तसा उठून उभा राहिलो. सगळं सांगितलं. अलॉइस काय म्हणाला, मी काय म्हणालो, किती ठोके उरले होते.

कुणी दचकलं नाही. कुणी शिवी दिली नाही. गिस्लर टोपी हातात फिरवत बसला होता. टोनीच्या बायकोने डोळे पुसले. मग एकेक जण उठून बाहेर गेला. दगडापेक्षा हे जड!

२६ ऑक्टोबर

सकाळी फेरेना म्हणाली, "दादा, त्या दुपारी ह्यांना तुझ्याकडे मीच पाठवलं होतं. घंटा बदलली नाही, ते साऱ्या गावाने ऐकलं. मातीच्या दिवशीच आम्हा सगळ्यांचं ठरलं – तुझ्यापाशी कुणी विषय काढायचा नाही. हे आधी सुचवलं ते गिस्लरनेच."