येलदरीच्या पाण्यातले महाराज

तीर्थस्वरूप आश्रुबादादांना आतेभाऊ रायभानचा पाण्याकाठून दंडवत. इकडं माणसं, मेंढरं खुशाल. मामाचा गुडघा अन् तुमची विहिरीवरची मोटार, दोन्ही चालू असतील अशी आशा हाय. (फोन केला असता, पण आईला फोन स्पीकरवर लावायची खोड. म्हणून कागद.)

दादा, आमच्या घरात पाळणा हलला न्हाई, हे तुमाला ठाऊकच. आईनं बबिताला अंगारे चारले, उपास घडवले, अन् दिवाळीनंतर तर हिला माहेरी घाल, दुसरी बघू, इथवर मजल गेली. आपण पिढीजात मेंढरं राखणारी माणसं. मेंढ्या गाभण राहिल्या न्हाईत तर आपण आधी एडका बघतो. (घरात ही अक्कल कुठं जाती, देव जाणे.) शेवटी बबितानंच मला हाताला धरून परभणीला नेलं. डॉक्टरनं तपासलं, डबीत नमुना मागितला (त्या कोंदट खोलीत माझे काय हाल झाले ते भेटीअंती), अन् निघालं व्हेरिकोसील. म्हणजे डाव्या गोटीच्या वरच्या शिरांतलं रक्त वर चढायच्या ऐवजी माघारी उतरायलंय. शिरा फुगल्यात, तिथं ऊब साठायलीय, त्यानं गोटी जरा सुकलीय, अन् बीज कमी, हाय तेही सुस्त. लहानसं ऑपरेशन करून त्या शिरा बांधतात. पुढं काही महिन्यांत पुष्कळांना गुण येतो, सगळ्यांनाच येतो असं न्हाई. येताना बबिता टेम्पोत रडली. मला वाटलं दुःखानं. ती म्हणे, लय हलकं वाटायलंय.

मला लाज वाटली, दादा. पण घरी तोंड उघडंना. ऊब वाईट, एवढंच डोक्यात बसलं. मग मेंढरं काठाला सोडून रोज दुपारी मी येलदरी धरणाच्या फुगवट्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहू लागलो. (डॉक्टरनं असं काई सांगितलं नव्हतं. हा माझा शोध.) काय सांगू, लय गोड वाटायचं. खाली गार पाणी, पायाच्या बोटांना मासोळ्या चाटून जायच्या, ढग माझ्या पोटाजवळून पाण्यातून निघून जायचे. डोळे मिटले की एक इवली पोर काठानं कोकराच्या मागं पळताना दिसायची, अंगात पिवळं झबलं. मी हाक मारायला जायचो, अन् तिचं नावच ठरलेलं नसायचं. मग एकेक नाव पुटपुटत बसायचो. संध्याकाळ कवा झाली कळायचं न्हाई.

एक दिवस काठावर नारळ फुटला. डोक्याला पंचा, डोळे मिटलेले, ओठ हलायलेले, लोकांनी मला महाराज ठरवलं होतं! लेकरासाठी नवस बोलणाऱ्या बाया पार चारठाण्याहून यायल्या. माझ्याकडं, दादा! मी नको नको म्हणून हात हलवला की त्या तोच आशीर्वाद धरायच्या. अन् एका दुपारी डोळे उघडतो तर समोर आमची आई. मोतीबिंदूनं तिला मी धूसरच दिसत असणार. मागं बबिता, हसू दाबायला पदर तोंडात कोंबून. आई हात जोडून म्हणाली, महाराज, माझ्या सुनेची कूस उजवू द्या. मी आवाज जाड केला अन् बोललो, "बाई, सुनेत काई खोट न्हाई. लेकाच्या शिरा फुगल्यात. त्याला परभणीला नेऊन ऑपरेशन करा, अन् सुनेला पुन्हा बोल लावू नका." तवापासून माहेरी घालायची भाषा बंद. येत्या सोमवारी ऑपरेशन हाय. थोरांना नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा,
रायभान

ता. क. खरं काम हे हाय. सोमवारी आई महाराजांना नारळ वाहायला निघणार, अन् महाराज तर दवाखान्यात पडलेले! तुमचा आवाज माझ्यासारखाच घोगरा. तेवढी एक दुपार पंचा गुंडाळून पाण्यात उभे राहा. जमल्यास बोलूच नका, नुसता हात हलवा.

आणखी ता. क. दादा, येऊ नका. बबितानं हे पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "डोळे गेले म्हणून कान गेलेत काय रे? पहिल्या शब्दालाच वळखलं तुला. लेकरू कुठंतरी खरं बोलायलंय, म्हणून गप ऐकलं. नारळाचं तर तुझी गंमत बघायला बोलले." बबिताची माफी तिनं त्याच दिवशी घरी येताना वाटेतच मागितली म्हणं, तिचे हात धरून. सोमवारी दोघी माझ्यासंगं दवाखान्यात यायल्यात.